जावेचा होकार

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं, की काटेवाडी मागे पडते आणि भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्याच्या शेजारी सणसर लागतं. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभं राहिलेलं हे बागायती गाव. आषाढीच्या वाटेवर तुकोबांच्या पालखीचा इथे मुक्काम असतो आणि गाळप हंगामात उसाच्या गाड्यांची रांग. सरोगसी म्हणजे काय, हे आता अशा गावात कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. सिनेमानं आणि मोबाइलनं ते काम केलं आहे. पण तो विषय खरोखर घराच्या उंबऱ्याशी येतो तेव्हा कुणी सरोगसी म्हणत नाही. ‘तिची पिशवी काढली’ एवढंच बोललं जातं, आणि पुढचं सगळं त्या तीन शब्दांतून सुरू होतं.

समजा, सणसरमधली एक सून आहे. वय 26. पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, तिचा जीव वाचवायला डॉक्टरांना गर्भपिशवी काढावी लागली, आणि बाळही हाती लागलं नाही. वर्षभरानं सासूबाई कुठून तरी ऐकून येतात, ‘टेस्ट ट्यूबनं होतं म्हणे.’ इथे पहिली गफलत होते. टेस्ट ट्यूब बेबी, म्हणजे आयव्हीएफ, यात बायकोचं स्त्रीबीज आणि नवऱ्याचे शुक्राणू यांचा प्रयोगशाळेत संयोग घडवतात आणि तयार झालेलं भ्रूण परत बायकोच्याच पिशवीत ठेवतात. पिशवीच नसेल तर ते ठेवणार कुठे? मात्र पिशवी काढताना अंडाशय शाबूत राहिले असतील, तर स्त्रीबीजं तिच्याकडे आहेत. म्हणजे मूल दोघांचंच होऊ शकतं, फक्त ते नऊ महिने वाढवायला दुसऱ्या बाईचं शरीर लागेल. त्या बाईचा मुलाच्या बीजाशी काही संबंध नसतो. कायद्यानं तर सरोगेट आईनं स्वतःचं बीज देण्याला मनाईच केली आहे.

ही दुसरी बाई कोण, हा खरा प्रश्न. गावाकडे त्याचं उत्तर बहुतेक वेळा घरातच शोधलं जातं, आणि नजर जाते ती जावेकडे.

तिच्याकडे येण्याआधी कायदा कुठून आला ते थोडक्यात बघू. 2022 पर्यंत भारतात सरोगसीसाठी कायदा नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2005 ची मार्गदर्शक तत्त्वं होती, पण ती मोडली तर शिक्षा नव्हती. गुजरातमधलं आणंद जगभर प्रसिद्ध झालं ते याच काळात. परदेशी जोडपी यायची, गरीब घरातल्या बाया पैसे घेऊन त्यांची मुलं वाढवायच्या. 2008 मध्ये एका जपानी जोडप्यानं मूल जन्मण्याआधीच घटस्फोट घेतला आणि आणंदला जन्मलेल्या त्या मुलीचं काय करायचं हा पेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं ते समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय’ या चित्रपटानं. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे त्यावरूनच हिंदीत ‘मिमी’ आला. दिग्दर्शिका स्वतः वकील, त्यामुळे करारावर सही करणाऱ्या बाईच्या हातात शेवटी काय उरतं, हे त्यांना न्यायालयाच्या आतून दिसलेलं होतं. 2015 च्या अखेरीस परदेशी नागरिकांना बंदी झाली. सरोगसी (विनियमन) अधिनियम 2021 संसदेनं संमत केला आणि 25 जानेवारी 2022 पासून तो लागू झाला. त्याच्यासोबतच आयव्हीएफ केंद्रांसाठीचा वेगळा कायदाही आला. पैसे घेऊन सरोगसी करणं हा आता गुन्हा आहे. दलाल, डॉक्टर, दवाखाना यांना 10 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे मोजून मूल मिळवणाऱ्या जोडप्यालाही पहिल्या गुन्ह्यात 5 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड.

आता आपल्या सणसरच्या जोडप्याची पात्रता. लग्न कायदेशीर हवं, दोघे भारतीय हवेत. पात्रतेच्या प्रमाणपत्राच्या दिवशी बायकोचं वय 23 ते 50 च्या आणि नवऱ्याचं 26 ते 55 च्या दरम्यान हवं. शहरात पन्नाशीची वरची मर्यादा आड येते, गावात मात्र खालची येऊ शकते. अठरा-एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीची विसाव्या वर्षी पिशवी गेली, तर तिला 23 पूर्ण होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही, आणि नवरा 24 चा असेल तर त्याच्यासाठीही दोन वर्षं. लग्नाला पाच वर्षं झालेली असावीत अशी अट असल्याचं अजूनही सांगितलं जातं. ती आधीच्या विधेयकात होती, मंजूर झालेल्या कायद्यात नाही. पाच वर्षं वाट पाहायला सांगणारा माणूस जुनी माहिती देतो आहे, हे लक्षात ठेवावं.

दुसरी अट अशी, की जिवंत मूल नसावं. पोटचं नाही, दत्तक नाही, सरोगसीतून झालेलंही नाही. अपवाद एकच. आहे ते मूल मतिमंद किंवा अपंग असेल, किंवा त्याला बरा न होणारा जीवघेणा आजार असेल, तर वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर परवानगी मिळू शकते. याचा अर्थ आपल्याकडे स्पष्ट बोलून टाकलेला बरा: एक मुलगी आहे आणि आता मुलगा हवा आहे, म्हणून सरोगसी करता येत नाही. गर्भलिंग निवडण्याला या कायद्यातही बंदी आहे, आणि जावेच्या पोटातल्या गर्भाचं लिंग विचारणं हा तिच्या स्वतःच्या गर्भाचं विचारण्याइतकाच गुन्हा आहे.

तिसरी अट वैद्यकीय कारणाची. 2022 च्या नियमांत ही कारणं दिली आहेत: जन्मतः पिशवी नसणं, ती काढलेली असणं किंवा गर्भ धरू शकणार नाही अशी असणं, अनेकदा आयव्हीएफ करूनही दिवस न राहणं, कारण न सापडता वारंवार गर्भपात होणं, किंवा गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार असणं. आपल्या सुनेच्या ऑपरेशनचे कागद इथे लागतात. बाळंतपणाच्या दवाखान्यातून मिळालेली डिस्चार्जची फाइल बऱ्याच घरांत बाळ गेल्याच्या दुःखात फाडली जाते किंवा फडताळात कुठेतरी हरवते. ती जपून ठेवली पाहिजे, कारण तोच पहिला पुरावा.

विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना 35 ते 45 या वयात सरोगसी करता येते. अविवाहित स्त्रीला येत नाही. आयव्हीएफच्या कायद्यानुसार तीच अविवाहित स्त्री स्वतःच्या पोटी मूल वाढवू शकते, पण तिला पिशवी नसेल तर दुसरीची मदत मात्र घेता येत नाही. या भेदामागचा तर्क मला तरी पटत नाही. एकट्या पुरुषाला, लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना, समलिंगी जोडप्यांना दार बंदच आहे. घटस्फोटितेच्या बाबतीतही ‘जिवंत मूल नको’ ही अट किती कडक वाचायची, हा वाद उभा राहिला. दोन्ही मुलं पूर्वीच्या नवऱ्याकडे असलेल्या एका घटस्फोटित स्त्रीला मुंबई उच्च न्यायालयानं जून 2025 मध्ये तातडीची परवानगी दिली नाही. मुलं जिवंत आहेत, जवळ नाहीत. कायद्याच्या भाषेत त्यानं फरक पडतो का, असा तो प्रश्न.

बीजाच्या बाबतीत कायदा दोन वर्षांत दोनदा फिरला. मार्च 2023 मध्ये केंद्रानं नियम बदलून सांगितलं, की दोन्ही बीजं जोडप्याचीच हवीत. ज्यांच्या अंडाशयात बीजच तयार होत नाही अशा स्त्रियांची त्यामुळे कोंडी झाली, त्यांनी न्यायालयात धाव घेतली, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नियम पुन्हा सैल झाला. आता दोघांपैकी एकाला वैद्यकीय अडचण आहे असं जिल्हा वैद्यकीय मंडळानं लिहून दिलं, तर एक बीज दात्याचं चालतं. निदान एक तरी जोडप्याचं हवं. विधवा-घटस्फोटितेला मात्र स्वतःचंच स्त्रीबीज वापरावं लागतं. वयाच्या अटीचंही असंच झालं. कायदा येण्याआधीच भ्रूण गोठवून ठेवलेल्या जोडप्यांना ही वयोमर्यादा लावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 9 ऑक्टोबर 2025 रोजी दिला.

कागदांची वाट गावापासून लांब जाते. वैद्यकीय कारणाचा दाखला जिल्हा वैद्यकीय मंडळ देतं. त्याचा अध्यक्ष जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाचा अधिकारी असतो आणि सोबत स्त्रीरोगतज्ज्ञ नि बालरोगतज्ज्ञ. पुण्याचं जिल्हा रुग्णालय औंधला, म्हणजे सणसरहून शंभर किलोमीटरपेक्षा दूर. मग प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज, आणि त्यासाठी इंदापूरचं न्यायालय जवळ आहे. हा अर्ज जोडपं आणि सरोगेट आई यांनी मिळून करायचा असतो. होणाऱ्या मुलाचे आईवडील कोण आणि ताबा कुणाकडे, याचा आदेश गर्भधारणेच्या आधीच घ्यायचा. मूल जन्मल्यावर हाच आदेश जन्मनोंदणीसाठी प्रतिज्ञापत्र म्हणून धरला जातो आणि दाखल्यावर आई म्हणून जोडप्यातल्या बाईचं नाव लागतं. तिसरी गोष्ट विमा: सरोगेट आईच्या नावे 36 महिन्यांचा आरोग्य विमा, ज्यात बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीही आल्या पाहिजेत. हे सगळं जमलं, की या कायद्याखाली नेमलेला समुचित प्राधिकारी आवश्यकतेचं प्रमाणपत्र देतो, आणि जोडप्याच्या व सरोगेट आईच्या पात्रतेची प्रमाणपत्रं वेगळी. उपचार फक्त सरोगसीसाठी नोंदणी झालेल्या केंद्रातच. आयव्हीएफची पाटी आहे म्हणून तिथे सरोगसी होईलच असं नाही. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये. अर्ज नाकारला गेला तर 30 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं, आणि हे दिवस नकाराचं पत्र हाती पडल्यापासून मोजतात.

आता जाऊबाई. कायदा तिच्याविषयी काय सांगतो? तिचं लग्न झालेलं असावं (विधवा किंवा घटस्फोटित असली तरी चालते), स्वतःचं मूल असावं, भ्रूण ठेवण्याच्या दिवशी वय 25 ते 35 असावं, शरीरानं आणि मनानं ती सक्षम असल्याचं डॉक्टरांनी लिहून द्यावं. आयुष्यात एकदाच ती सरोगेट होऊ शकते, आणि तिच्यावर प्रयत्न तीनपेक्षा जास्त होऊ शकत नाहीत. एरवी एका वेळी एकच भ्रूण ठेवायचं. ती नात्यातलीच हवी असं मंजूर झालेला कायदा म्हणत नाही. जवळची नातेवाईकच हवी ही अट विधेयकात होती. राज्यसभेच्या निवड समितीनं 2020 मध्ये ती काढायला सांगितली आणि ‘राजी असलेली कोणतीही स्त्री’ असे शब्द आले. पण पैसे द्यायचे नाहीत, औषधपाणी नि विमा एवढाच खर्च करायचा, असं ठरल्यावर परकी बाई राजी होणार कशाला? कागदावरून नातं गेलं, तरी व्यवहारात ते घरातच येऊन बसलं.

आणि घरात हे कसं ठरतं, ते आपण सगळे जाणतो. कुणी जबरदस्ती करत नाही. सासूबाई चहा पिताना म्हणतात, ‘तुला देवानं दोन दिलीत, तिला एक तरी.’ नवरा म्हणतो, ‘धाकट्यानं आपल्या शेताला पाणी आणून दिलं तेव्हा आपण काय दिलं?’ धाकटी जाऊ काहीच बोलत नाही, फक्त जेवण वाढताना तिचे डोळे भरून येतात. आणि जाऊबाई ‘हो’ म्हणतात. तो होकार खोटा असतो असं मी म्हणणार नाही. जावेसाठी मनापासून, अगदी आनंदानं हे करणाऱ्या बाया असतात, आणि त्यांच्या मनाचा मोठेपणा शब्दांत मावणार नाही. पण आनंदानं दिलेला होकार आणि ‘नाही म्हणता आलं नाही’ म्हणून दिलेला होकार, दोन्हींवर सही एकसारखीच दिसते.

ती सही कशासाठी आहे, हे तिला कुणीतरी उघड सांगितलं पाहिजे. पिशवीचं अस्तर तयार व्हावं म्हणून आधी संप्रेरकांच्या गोळ्या, भ्रूण ठेवल्यावर काही आठवडे प्रोजेस्टेरॉनची औषधं, बऱ्याचदा इंजेक्शनं. गरोदरपणातली रक्तदाबाची, मधुमेहाची, रक्तस्रावाची जोखीम तिची. सिझेरियन झालं तर टाके तिचे, आणि पुढे स्वतःला आणखी मूल हवं झालं तर त्या व्रणाचा विचार डॉक्टर करणारच. बाळ दुसऱ्या खोलीत गेल्यावर पान्हा मात्र तिलाच फुटणार. एकत्र कुटुंब असेल तर तेच मूल रोज तिच्या डोळ्यांसमोर वाढणार आणि तिला काकू म्हणणार. काहींना हे सोपं जातं, काहींना नाही, आणि आधी कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून या कायद्यातलं सहावं कलम सणसरसारख्या गावात मोठ्यानं वाचलं गेलं पाहिजे असं मला वाटतं. त्यानुसार सगळे परिणाम समजावून सांगितल्याशिवाय, आणि तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घेतल्याशिवाय काहीही करता येत नाही. इंग्रजी अर्जावर अंगठा किंवा सही घेऊन ‘वाचून दाखवलं’ असं लिहिणं म्हणजे संमती नव्हे. आणि भ्रूण पिशवीत ठेवण्याच्या क्षणापर्यंत तिला संमती मागे घेता येते. औंधचा दाखला, इंदापूरचा आदेश, विम्याचा हप्ता, सगळं झालेलं असलं तरी. त्यासाठी कारण द्यायची, दंडाची किंवा कुणाचा खर्च भरून द्यायची अट त्या कलमात नाही. गर्भ राहिल्यावरही तिच्यावर गर्भपाताची सक्ती कुणाला करता येत नाही, अगदी जोडप्यालाही नाही. आणि तिला स्वतःला गरज पडली तर गर्भपाताच्या 1971 च्या कायद्यानुसार तो करण्याची वाट नियमांत ठेवलेली आहे. त्याउलट जोडप्याला मूल झाल्यावर मागे फिरता येत नाही. मूल अपंग जन्मलं, मुलगी झाली, जुळी झाली, मधेच दोघांचं फाटलं, काहीही झालं तरी ते त्यांचंच.

मधेच फाटणं ही कल्पनेतली गोष्ट नाही. ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आलेलं एक प्रकरण याच वळणाचं होतं. जुळ्या मुली सरोगसीतून झाल्या होत्या आणि स्त्रीबीज दिलं होतं बायकोच्या बहिणीनं. पुढे नवरा-बायको वेगळे झाले, मुली बापाकडे गेल्या, त्याच घरात ती बहीणही राहू लागली. आणि बापाचं म्हणणं असं पडलं, की मुलींची खरी आई बीज देणारी. न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी ते फेटाळलं. बीज देणारीला मुलांवर आई म्हणून कायदेशीर हक्क नाही, असं सांगून त्यांनी मुलींच्या आईला भेटीचा हक्क दिला. हे प्रकरण नव्या कायद्याआधीच्या सरोगसीचं होतं. आता बीजदानही नोंदणीकृत बँकेमार्फतच होतं. घरातल्या घरात काही करताना नात्याचा भरवसा पुरेसा वाटतो, आणि म्हणूनच कागद आधी पक्के करावे लागतात.

जाऊच हवी असं नाही, याची आठवण पुण्यातल्याच एका दवाखान्यानं करून दिली. 2017 च्या मे महिन्यात गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूनं भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. सोलापूरच्या एका मुलीला तिच्या आईची पिशवी बसवली गेली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 2018 मध्ये, तिथेच अशा प्रत्यारोपित पिशवीतून एका गुजराती स्त्रीच्या पोटी मुलगी जन्मली, आणि तिथेही पिशवी तिच्या आईची होती. ऑपरेशन मोठं, खर्च मोठा, औषधं जपून घ्यावी लागतात. सर्वांच्या आवाक्यातली ही वाट नव्हे. पण इथेही देणारी घरचीच, हे बघण्यासारखं आहे.

पैशाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता. व्यापारी सरोगसीवरची बंदी मला चुकीची वाटत नाही. सणसरच्या आसपास हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या ज्यानं पाहिल्या आहेत, त्याला गरिबीच्या हाताला पिशवी लागली की काय होतं ते सांगावं लागत नाही. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर 2019 मध्ये जी पाहणी आली, तिच्यात बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. अशा घरांत सरोगसीचे दलाल मोकळे फिरले असते, तर त्याचे भोग कुणाच्या वाट्याला आले असते हे उघड आहे.

पण बाजार बंद करणं वेगळं आणि नऊ महिने काम सोडलेल्या बाईला भरपाई नाकारणं वेगळं. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं 2017 मध्ये हेच सांगितलं होतं. नात्यातल्या बाईवर अवलंबून ठेवलं तर कुटुंबात दबाव येईल, तेव्हा सरोगेट आईला बुडालेल्या मजुरीसह रास्त मोबदला द्यावा, ही तिची शिफारस. सरकारनं ती घेतली नाही. त्यामुळे आज चित्र असं आहे: नोकरदार बाईला थोडाफार आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2015 मध्येच सरोगसीतून आई झालेल्या एका प्राध्यापिकेचा प्रसूती रजेचा हक्क मान्य केला, आणि जून 2024 पासून केंद्र सरकारच्या नोकरीतल्या सरोगेट आईलाही 180 दिवसांची रजा मिळू शकते. आपली जाऊबाई मात्र दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, किंवा स्वतःच्या गोठ्यातल्या चार म्हशींची धार काढते. तिच्या बुडालेल्या मजुरीसाठी अर्जात रकाना नाही, आणि दिरानं ती मजुरी आपणहून हातावर ठेवली तर तो कायद्याच्या कचाट्यात येईल की काय, ही धास्ती. रोजगार हमीच्या दराइतकी रक्कम, समुचित प्राधिकाऱ्यामार्फत, थेट तिच्या बँक खात्यात, असं काही ठरवणं अवघड नाही. तोवर मंडळासमोर तिला एकटीला बसवून, नवरा आणि सासू बाहेर ठेवून, मराठीत विचारलं जावं, एवढं तरी औंधला लगेच सुरू करता येईल. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.